पुऱ्या दिवसांचा

बाळाला हात लावण्याआधी समीक्षा आपले तळहात काखेत धरून गरम करायची. मे महिन्यातसुद्धा.

डबा उभ्याने खायची. भाजी आधी संपवायची आणि उरलेली पोळी नुसती चावायची.

एसटीत चढली की आधी लोकांचे पाय बघायची, मग चेहरे.

मैत्रिणीचं बाळ बघायला गेली की नाव विचारायच्या आधी त्याच्या पायातले मोजे काढायची. तळवा अंगठ्याने ताणून बघायची, मग मोजा परत चढवायची आणि म्हणायची, "छान आहे."

जाग्या बाळाशी अहो-जाहो करायची. "काय म्हणता बाप्पा, झोप झाली का?" झोपलेल्या बाळाजवळ एक शब्द काढायची नाही.

आणि विणायची. नालवाडी ते हिंगणघाट रोजचं अपडाऊन होतं. खिडकीची जागा मिळाली की पिशवीतून सुया निघायच्या. लोकर कुणाकुणाची उरलेली. म्हणून टोपी लाल सुरू व्हायची आणि पिवळी संपायची. कंडक्टर म्हणायचा, "सिस्टर, माह्यासाठी एखादा स्वेटर विणा ना." ती मान वर न करता म्हणायची, "तुमचं माप माह्या पेटीत बसत नाई, काका."

पेटी म्हणजे काचेची पेटी. अपुऱ्या दिवसांची बाळं त्यात ठेवतात. हिंगणघाटच्या एका खाजगी दवाखान्यात खालच्या मजल्यावर बाळंतपणं व्हायची आणि वरच्या मजल्यावर अशा चार पेट्या होत्या. समीक्षा वरच्या मजल्यावर नर्स होती. बाळ वर आलं की ते किती दिवसांचं आहे हे आधी बघावं लागतं. वजनावर जाऊन चालत नाही. पुऱ्या दिवसांचं बाळही बारकं असू शकतं. मग त्याचं अंग वाचायचं. डॉक्टर वाचायचे, पण घाईत असले की म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही बघून घ्या."

ती बघायची. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तळव्यावर बोटांपासून टाचेपर्यंत रेघा असतात. सातव्या महिन्यातल्या बाळाचा तळवा मेणासारखा गुळगुळीत असतो. पुऱ्या दिवसांच्या बाळाचा कान दुमडून सोडला की लगेच उभा राहतो. अपुऱ्याचा कान ओल्या पानासारखा दुमडलेलाच राहतो. मग हात. बाळाचा हात धरून गळ्यावरून, उपरणं टाकावं तसा, पलीकडच्या खांद्याकडे न्यायचा. पुऱ्या दिवसांचं बाळ नेऊ देत नाही. त्याचं कोपर छातीच्या मध्याशी येण्याआधीच अडतं. अपुऱ्याचा हात कुठंही जातो. त्याला अजून नाही म्हणता येत नाही.

अशा एकेका खुणेला गुण असतात. त्यांची बेरीज करायची की आठवडे कळतात. समीक्षाचा अंदाज फारसा चुकायचा नाही. तिला याचा अभिमान होता. तो ती लपवायची नाही.

सपना तिची गल्लीतली मैत्रीण. एकाच शाळेत, एकाच बाकावर. समीक्षाने नर्सिंग केलं, सपनाने बी.ए. केलं आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा वडनेरचा, निकेश. घरची शेती, रस्त्यावर बी-बियाण्यांचं दुकान. लग्न उन्हाळ्यात होतं. त्याच्या तोंडावर निकेशचे आजोबा महादेवराव गेले. तारीख तुळशीच्या लग्नानंतर ढकलली.

मधल्या महिन्यांत निकेश मोटरसायकलवर नालवाडीला येत राहिला. ठरलेला जावईच तो. सपनाच्या आईने आधी त्याला चहा दिला. मग पोहे दिले. मग दोघांना फिरायला जाऊ दिलं.

लग्नाला सात महिने होत आले आणि सपनाचे दिवस भरले.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. पण सपनाची सासू सुमित्राबाई म्हणाल्या, नालवाडीचे लोक बोटांवर महिने मोजतात. हिंगणघाटलाच करू. तिथं सुनेची मैत्रीण आहे, घरचीच पोरगी.

कळा सुरू झाल्यावर सपनाने समीक्षाचं मनगट धरलं.

"समू, सातव्यातलं हाय म्हणून सांगजो."

"पागल झाली का तू?"

"नुसतं सांगजो. तुह्यावर भरोसा ठेवतात ते. तुले समजते ना त्यातलं."

समीक्षा हसली. "सांगतो माय. आधी बाहेर तर येऊ दे त्याले."

बाळाच्या वयाचा पुरावा तीन ठिकाणी असतो. आईला आठवणाऱ्या पाळीच्या तारखेत, सुरुवातीच्या सोनोग्राफीत आणि बाळाच्या अंगावर. तारीख सपनाने कुणाला सांगितली नव्हती. सोनोग्राफीचा कागद सुमित्राबाईंनी न्हाणीच्या चुलीत घातला होता. बाळाचं अंग तेवढं राहिलं होतं.

मुलगा झाला. तीन किलोचा. समीक्षाने त्याला पुसलं. तळव्यावर टाचेपर्यंत रेघा, नांगरलेल्या वावरासारख्या. कान सोडला तर टणकन उभा. हात गळ्यावरून नेऊ गेली तर त्याने तो हिसकून घेतला आणि रडायला लागला. पुऱ्या दिवसांचा. एक आठवडाही कमी नाही.

"काय बाप्पा," ती त्याला म्हणाली. "एवढी घाई कशाची होती?"

सुमित्राबाई बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी बाळ घेतलं, फडकं बाजूला करून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले.

"नाक पाह्य. निकेशचंच हाय," त्या म्हणाल्या. "मले काय समजत नाई का? पोट्ट्यानं मोटरसायकल झिजवली ते उगाच नाई."

समीक्षाला हायसं वाटलं. "मग झालं ना मावशी. खुशाल घरी न्या."

"नेतो ना. पन गावाले काय सांगू?"

"सातव्यातलं आहे म्हणा."

"म्हणीन. अन् सातव्यातलं पोरगं मांडीवर घेऊन बसू? ते काचेत राह्यते. काचेत नसन तर कोन मानन? लोकं डोये फोडून पाह्यतात, पोरी. तू त्याले काचेत ठेव."

"मावशी, तिथं आजारी लेकरं असतात."

"मंग त्याले बी आजाऱ्यासारखं ठेव. बारशापर्यंत. मंग मी वाजतगाजत नेतो." त्यांनी बाळ समीक्षाच्या हातात परत दिलं. "नाई जमत तं तसं सांग. तुह्या मैत्रिणीले नालवाडीले पोचवून देतो. लेकरू आमचं हाय, ते ठेवून घेतो."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. भाव सांगावा तसं बोलल्या.

डॉक्टरांनी बाळाकडे एकदा पाहिलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. समीक्षा म्हणाली, "सर, बाळ नॉर्मल आहे."

"नॉर्मल बाळाला पेटीत काही होत नाही, सिस्टर. नातेवाईकांची इच्छा आहे. पेटी रिकामीच आहे." ते सुमित्राबाईंकडे वळले. "चौतीस आठवडे लिहू. बाळ मोठं आहे, जरा शोभेल."

"ते किती महिने झाले?"

"आठवा."

"नोको बाप्पा," सुमित्राबाई म्हणाल्या. "सातव्यातलं जगते, आठव्यातलं जगत नाई. सातव्यातलं लिहा."

डॉक्टर हसले. समीक्षाही हसली. मग तिने पेटीचं झाकण उघडलं, तळहात काखेत धरले आणि बाळ आत ठेवलं.

पेटीत तो मावेना. शेजारच्या पेटीत किलोभराची पोरगी होती, पाखरासारखी. पलीकडच्या पेटीत ताप उतरत नसलेला एक मुलगा होता. त्यांच्यात हा. लाथा मारायचा. टाच काचेवर लागायची आणि ठक वाजायचं.

सातव्या महिन्यातल्या बाळाला ओढून दूध पिता येत नाही. त्याला नाकातून नळी घालून दूध देतात. बघायला माणसं येणार होती. म्हणून यालाही नळी घातली. ओल्या बाळंतिणीला जिना चढू देत नव्हते; खाली सपना स्टीलच्या वाटीत दूध पिळायची आणि ती वाटी वर यायची. नळीतून दूध जायचं आणि तो तोंड उघडून इकडेतिकडे शोधत राहायचा. मग स्वतःची मूठ तोंडात घालायचा. चुपूचुपू आवाज खोलीभर आणि जिन्यातून खालीही ऐकू यायचा. तेही लोकांना दिसलं असतं. समीक्षाने त्याचे दोन्ही हात फडक्यात गुंडाळले. तिनेच गुंडाळले, दुसऱ्या कुणी नाही.

"कधी देतीन मले?" सपनाने विचारलं.

"उद्या बघू."

"छाती दगडासारखी झाली वं."

"उद्या."

वडनेरच्या बायका आल्या. काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"माय वं, पहेलवान हाय."

"सातव्यातलं हाय म्हणते."

"मंग नवव्यात काय, रेडकू झालं असतं?"

त्या खदखदून हसल्या. त्यांच्यासोबत सुमित्राबाईही हसल्या. बायका जिना उतरून गेल्यावर त्यांचं हसू गेलं.

"त्याच्या कानावर टोपी घाल," त्या समीक्षाला म्हणाल्या. "अन् पायात मोजे. वच्छलाबाई येनार हाय."

वच्छलाबाई वडनेरची बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालणारी बाई. तिच्या मांडीवरून अर्ध्या गावाची पोरं गेली होती. ती तळवा बघायची, कान बघायची, हात ओढून बघायची. शाळा तिने पाहिली नव्हती. पण तिने एकदा 'पुऱ्या दिवसाचं' म्हटलं की गावात ते दगडावरची रेघ. तिच्या तोंडून निघालेल्या अशा एका वाक्यावर एक सून माहेरी गेली होती, ती परत आलीच नव्हती. हे सपनाला माहीत होतं. आता समीक्षालाही कळलं.

टोप्या तयार होत्या. याच्या मापाचे मोजे नव्हते. पेटीतल्या बाळांना एवढे मोठे मोजे लागत नाहीत. तिने घरी जाताना बसमध्ये निळ्या लोकरीचे टाके घातले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोरच्या चहाटपरीवर तिला निकेश भेटला.

"तू तरी आईला सांग," ती म्हणाली.

"आईसमोर काय बोलू मी?"

"तुझं पोर आहे."

"म्हणूनच तं. इज्जत माहीच जाते." त्याने बशीत चहा ओतला. "एसीत हाय ना तो? आमच्या घरी तं नुसता कूलर हाय."

तिने काय म्हणायला हवं होतं, ते तिला नंतर पुष्कळ सुचलं.

एक मोजा पूर्ण झाला त्या सकाळी ती वर गेली. पेटीतून ठक आवाज आला नाही. तिने तळहात गरम केले, आत घातले आणि त्याच्या हातांवरचं फडकं सोडलं. त्याने बोट धरलं नाही. गुडघे बाहेरच्या बाजूला पडले होते, बेडकासारखे. अंग तापलेलं होतं. पलीकडच्या पेटीतला तापाचा मुलगा रात्री गेला होता.

तिने सवयीने त्याचा हात उचलला. गळ्यावरून नेला. कोपर छातीच्या मध्याशी आलं. अडलं नाही. तसंच पुढे गेलं. हात पलीकडच्या खांद्यावर जाऊन पडला आणि तिथेच राहिला.

आता तो सातव्या महिन्यातला दिसत होता.

डॉक्टर धावत आले. जंतू रक्तात गेले असावेत, म्हणाले. हाताची शीर सापडेना, म्हणून डाव्या पायाला सुई लावली आणि पट्टीने पाऊल बांधून टाकलं. "सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात हलवा," ते म्हणाले. "इथं ठेवण्यात अर्थ नाही." समीक्षा सुमित्राबाईंकडे गेली.

"तिथं नोको," सुमित्राबाई म्हणाल्या.

"मावशी, त्याला खरंच बरं नाही."

"तिथं एकेका लेकराले पाच पाच डॉक्टर पाह्यतात म्हणे. किती महिन्याचं, काऊन, कसं. सगळं पहिल्यापासून मोजतीन." त्यांनी तिचा हात धरला. "आज वच्छलाबाई येनार हाय. ती पाहून जाऊ दे. मंग तू म्हनशीन तिथं नेतो."

"तोवर उशीर होईल."

"दोन घडीनं काय होते? सुईतून औषध जाऊन राह्यलं ना?"

"सपनाला विचारते."

"तिले काय विचारतं? तिच्यासाठीच तं करून राह्यलो सगळं."

समीक्षा जिन्यापर्यंत गेली. खाली सपना होती. एक जिना उतरायचा होता. पण सपनाला सांगायचं तर हे सांगावं लागलं असतं, की तुझं धडधाकट पोर मी आजारी लेकरांत ठेवलं आणि आता ते खरंच आजारी आहे. ती परत वर आली. डॉक्टरांना म्हणाली, सर, तुम्ही जबरदस्ती पाठवा. डॉक्टर म्हणाले, घरचे सही देत नाहीत, मी काय करू.

तिने उजव्या पायात मोजा घातला. डाव्या पायाला पट्टी होतीच. एकाच मोज्याने भागलं.

वच्छलाबाई दुपारी आली. हात धुतले, पदर खोचला आणि सरळ म्हणाली, "झाकन उघड." नर्सने कुणाला आत हात घालू द्यायचा नसतो. समीक्षाने झाकण उघडलं.

म्हातारीने टोपी आणि मोज्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने बाळाचा हात धरला आणि गळ्यावरून नेला. हात गेला. तिने पाय वर उचलून सोडला. पाय फडक्यासारखा खाली पडला.

सुमित्राबाई श्वास धरून उभ्या होत्या.

"सातव्यातलंच हाय," वच्छलाबाई म्हणाली. "अंगात जोरच नाई. लोकं उगाच बोलतात वं. मी सांगीन गावात."

सुमित्राबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवीतून खण काढून म्हातारीच्या हातात ठेवला. "चहा घेऊन जाजो," त्या म्हणाल्या.

"चहा राहू दे." वच्छलाबाईने आणखी एकदा आत पाहिलं. "पन हे जगत नाई, सुमित्रा."

"जगन. सातव्यातलं जगते."

म्हातारीने खोचलेला पदर सोडला. जिना उतरून गेली. त्यानंतर सुमित्राबाईंनी सही केली.

गाडीत समीक्षा बाळाला घेऊन बसली. निकेश पुढे ड्रायव्हरजवळ बसला. सेवाग्रामचा फाटा यायच्या आधीच बाळाचा श्वास थांबला. तिने दोन बोटांनी त्याची छाती दाबली. तोंडाने हवा दिली. दाबत राहिली. निकेशने मागे वळून विचारलं, "झोपला का?"

त्याला वडनेरच्या वावरात पुरलं. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत. टोपी काढून घेतली, मोजा पायातच राहिला. सुमित्राबाई मातीत बसून रडल्या. त्या खरंच रडल्या. दोघींनी धरून उठवावं लागलं. भेटायला आलेली जी ती बाई एकच म्हणाली, सातव्यातलं होतं बिचारं, कुठून जगतं. ते ऐकलं की सुमित्राबाईंना थोडं बरं वाटायचं. डोळे पुसून त्या सांगायच्या, "हो ना. वच्छलाबाईनं बी तेच सांगतलं."

सपनाकडे कुणी बोट दाखवलं नाही. तिचं घर राहिलं.

काही दिवसांनी समीक्षा वडनेरला गेली. ओसरीवर बायका बसल्या होत्या. सुमित्राबाईंनी तिला पाट दिला. म्हणाल्या, "ही सुनेची मैत्रीण. हिनं लय केलं लेकरासाठी. पन दवाखान्यात हात कोनाकोनाचे लागतात, सांगता येत नाई." बायकांनी समीक्षाच्या हातांकडे पाहिलं. तिने ते पदराखाली घेतले.

"पुढचं पुऱ्या दिवसाचं होईन," एक बाई सपनाला म्हणाली. सपनाने मान हलवली.

ती पाणी द्यायला समीक्षाजवळ वाकली. आवाज अगदी हळू होता.

"त्याले भूक लागे ना वं?"

समीक्षाने पेला धरला.

"मले खाली आवाज ये," सपना म्हणाली. "मुठीचा. तू मले उद्या म्हणे. अन् मंग एक दिवस तो आवाज बंदच झाला. मले वाटलं, पोट भरलं असन."

मुठी कुणी बांधल्या, हे समीक्षाला सांगता आलं नाही. तिने पाणी पिऊन पेला परत दिला. सपना तो घेऊन आत गेली आणि बाहेर आली नाही.

समीक्षा दवाखान्यात परत गेली नाही. तिला कुणी काढलं नव्हतं. डॉक्टरांचा फोन आला, सिस्टर, दोन बाळं आली आहेत, बघायला कुणी नाही. तिने फोन आईकडे दिला. आता ती नालवाडीत घरीच असते. बसून जेवते. गल्लीतली कुणी बाळ घेऊन आली की ती आत जाते. मांडीवर बाळ आलंच, तर त्याच्या पायांवर पांघरूण ओढते आणि ते तसंच धरून ठेवते.

तिची पिशवी खुंटीला आहे. एकदा आईने ती उतरवली. आत निळ्या लोकरीचं विणकाम निघालं, घोट्यापर्यंत आलेलं. आईलाही विणता येतं. तिने ते उजेडात धरून पाहिलं.

"टाच वळवायचीच राह्यली फक्त," आई म्हणाली. "मी करून टाकू का?"

"कोनासाठी?" समीक्षा म्हणाली.

आईने ते परत पिशवीत ठेवलं. डाव्या पायाचा तो मोजा घोट्याशीच थांबला आहे. सुया त्यातच आहेत.